कमी पगाराचा हिशेब

१

मन रमेल असं काम मिळत असेल तर माणसानं पगार थोडा कमी घ्यावा, असं शहाणे लोक सांगतात. पेपरात अशा माणसांचे फोटो छापून येतात. कुणी मोठ्या कंपनीतली खुर्ची सोडून शेती करायला गेला. कुणी बँक सोडून गाणं शिकायला लागली. वाचून बरं वाटतं. त्यांच्यावर आपला राग नाही. पण वाचता वाचता मनात दुसराच सवाल उभा राहतो. पगार कमी घ्यायचा तर आधी पगार हातात पाहिजे. आपल्या आज्या-पणज्याच्या हातात काय होतं? उष्टी-शिळी भाकरी, सुगीला खळ्यावरचं बलुतं आणि मेलेलं ढोर. यातलं कमी करायचं म्हणजे काय करायचं?

तरी आपल्या माणसांनी ते केलं. होतं त्यातलं सोडलं. पोटाला चिमटा घेऊन सोडलं. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात 'त्याग' म्हणून ऐकतो. टाळ्या वाजतात, हार घातला जातो, मंडपवाला खुर्च्या मोजतो आणि सगळे घरी जातात. त्याग म्हटलं की पुढे कुणी हिशेब विचारत नाही. दोस्तांनो, मला तो हिशेबच मांडायचा आहे. कुणी काय सोडलं, कशासाठी सोडलं, आणि सोडल्यामुळं जी तूट आली ती कुणी भरली. कारण आज आपल्यातले कितीतरी पोरं-पोरी याच उंबऱ्यावर उभे आहेत. घरात नोकरी पाहिजे, मनात चळवळ आहे. एक पाय आत, एक पाय बाहेर.

आधी एक फरक नीट ध्यानात घेऊ. कमी पगार घेणं वेगळं आणि कमी पगार वाट्याला येणं वेगळं.

मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली. पण राबली कुठे? बहुतेक रिंगखात्यात. कपडाखात्यात, म्हणजे साच्यांवर, पगार जास्त होता. तिथं आपल्याला दार बंद. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? पोट भरायला मुंबईला आला, युनियनचा झेंडा खांद्यावर घेतला, एकजुटीच्या घोषणा दिल्या, तरी जात धोट्याच्या भोकात जाऊन बसली होती. १९२८ चा संप सहा महिने चालला. त्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. सगळी खाती आमच्या माणसांना खुली करा, ही मागणी तुमच्या मागण्यांत घ्या. भांडवलदार शत्रू आहे हे खरं, पण शेजारच्या साच्यावर उभा असलेला कामगार भाऊ आपल्या जास्त पगाराच्या आड येत असेल तर त्याला काय म्हणायचं? हा सवाल तेव्हा अवघड होता, आजही सोपा नाही.

मी सूतगिरणीत रिंगवर उभा राहतो. तुटला धागा की जोड, तुटला की जोड, पाळी संपेस्तोवर. रिंगखातं म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पण आपल्या आज्यांना ते खातं त्यांच्या जातीनं नेमून दिलं होतं. तो कमी पगार त्यांनी घेतलेला नव्हता. त्याला कुणी त्याग म्हणायला लागला तर त्याच्या हातातला माईक काढून घ्या.

गावातही हेच होतं, फक्त तिथं कमी मोलाला गोड नाव होतं. ते नाव 'मान'. महाराचे बावन्न हक्क म्हणून सांगत. शिवेचा वाद निघाला तर महार सांगेल ती शीव खरी धरायची. सणावाराला, लग्नकार्याला महाराचा अमुक मान, तमुक मान. आणि एरवी? सरकारी टपाल घेऊन रात्री-अपरात्री पळायचं. साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं. कुणी मेलं की गावोगाव खबर द्यायची. मेलेलं जनावर ओढून न्यायचं. घरातला कर्ता आजारी असेल तर दुसऱ्यानं जायचं. कामाला वेळ नाही, मोलाला माप नाही. कुणब्याच्या मनात आलं तर बलुतं, नाही आलं तर नाही.

म्हणजे समाधानाचा पगार ही काही आजची युक्ती नाही. पोटाला कमी द्यायचं आणि उरलेलं मानात वळतं करायचं, हे गावगाड्याचं जुनं गणित आहे. हे गणित ओळखायला शिकल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

२

स्वतःहून कमी घ्यायला आपण सुरुवात कधी केली? एकच तारीख सांगता येणार नाही. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांच्यापासून माणसं बोलत होती, अर्ज करत होती. पण हजारोंच्या सभेत ते ठरलं १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडला. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडायला सांगितलं. वर्षाअखेर माणसं पुन्हा महाडला जमली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले आणि हे मांस घरात येऊ देऊ नका असं त्यांना सांगितलं.

बायकांना का सांगितलं, याचा विचार करा. ठराव सभेत पास होतो, पण अमलात येतो चुलीवर. मेलेल्या ढोराचं मांस म्हणजे त्या घरांतलं फुकटचं कालवण. उन्हात वाळवून ठेवलेल्या चान्या म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ते सोडायचं म्हणजे आषाढ-श्रावणात पोरांच्या ताटात काय वाढायचं, याचं उत्तर त्या बाईला द्यायचं होतं. तिनं दिलं. भाकरी आणि मीठ-मिरची असं दिलं. आपल्या चळवळीतली पहिली पगारकपात त्या चुलीवर झाली आणि ती करणाऱ्या बायांची नावं कुठल्या वहीत नाहीत.

गावानं ते मुकाट्यानं सोसलं असं समजू नका. आपल्या माणसांनी ढोरं ओढायचं बंद केलं की गावाचा पहिला घाव बलुत्यावर पडे. मग वाट बंद, वाण्याचं दुकान बंद, मजुरी बंद. सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट कमिटी नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात हा सामाजिक बहिष्कार कसा हत्यार म्हणून वापरतात ते नोंदलेलं आहे. बंदुकीपेक्षा वाण्याचा 'नाही' जास्त लांब पोचतो.

आणि वरून सल्ला द्यायला शहाणे होतेच. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात एक आठवण सांगितली. केसरीत पत्र आलं होतं. मेलेली ढोरं ओढायचं सोडल्यामुळं महारांचं वर्षाचं ५०० रुपयांचं उत्पन्न बुडतं, शिंगं, खुरं, मांस, हाडं यांचं, अशी त्या पत्रलेखकाला काळजी. पुढं बाबासाहेब संगमनेरला सभेला गेले तेव्हा तिथंही एकानं चिठ्ठी पाठवून हेच विचारलं. तुमचे लोक इतके गरीब, त्यांच्या अंगावर धड कपडा नाही, आणि तुम्ही त्यांना उत्पन्न सोडायला सांगता, हे नुकसान नव्हे काय?

बघा, सवाल किती मायेचा आहे. आपल्या गरिबीची एवढी कणव एरवी कुणाला आली नव्हती. बाबासाहेबांनी उलट सवाल टाकला. एवढा नफा आहे तर तो तुम्हीच का घेत नाही? तुम्ही ओढा ढोरं, वर मी पदरचं बक्षीस देतो. मग सगळे गप्प.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर होते. ५०० रुपये म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. त्यांनी आकड्याची हुज्जत घातली नाही. त्या ५०० रुपयांच्या बदल्यात माणूस काय देतो ते त्यांनी समोर मांडलं. माणसाला फायद्यापेक्षा इभ्रत मोठी, एवढाच त्यांच्या बोलण्याचा सार. ज्या कामातून पैसा येतो आणि त्याच कामामुळं तुम्हाला माणूस समजलं जात नाही, त्या कामाचा पगार कितीही असो, तो तोट्याचाच धंदा आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात या तोट्याचा रकाना नसेल. बाबासाहेबांनी तो आखला.

वतनाचं तसंच. महार वतनाला १८७४ च्या वतन कायद्यानं बांधून ठेवलं होतं. थोडी जमीन, बलुतं आणि त्याच्या बदल्यात सगळ्या कुटुंबाची सगळ्या वेळची चाकरी. १९२७ ला 'बहिष्कृत भारता'त बाबासाहेबांनी महार वतनावर लेख लिहिले. १९ मार्च १९२८ ला मुंबई कौन्सिलात वतनाच्या सुधारणेचं बिल आणलं. ज्याला या चाकरीतून सुटायचं त्याला सुटता यावं, जमिनीचा पूर्ण सारा भरून ती त्याला कसता यावी, आणि ज्याला काम करायचं त्याचं काम आणि मोल ठरलेलं असावं, असा त्याचा रोख. बिल पार पडलं नाही. १९२९ ला ते मागं घ्यावं लागलं.

इथं एक गोष्ट झाकून ठेवू नये. वतन सोडायला आपल्यातलेही काहीजण कचरत होते. जमिनीचा तो तुकडा जाईल ही भीती होती, आणि 'मान' जाईल ही रुखरुखही होती. त्यांना गद्दार म्हणू नका. दोन बिघे जमिनीवर दहा तोंडं जगत असली की माणूस धीर धरून विचार करतो. म्हणून बाबासाहेबांनी नुसतं 'सोडा' म्हटलं नाही. सोडल्यावर जमीन हातात कशी राहील त्याचा कायदा लिहिला. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदार महार, मांग, वेठियांची परिषद घेतली. शेवटी कनिष्ठ वतनं खालसा करणारा कायदा १९५८ ला झाला आणि १९५९ पासून अमलात आला. बिल मांडल्यापासून कायदा व्हायला ३० वर्षं. बघायला बाबासाहेब नव्हते.

पण त्या ३० वर्षांत सगळी माणसं कायद्याची वाट पाहत बसली नाहीत. काठी आणि घोंगडी टाकून कितीतरीजण गिरणीत गेले, गोदीत गेले, रेल्वेत गेले, म्युनिसिपालटीत गेले. तिथं धोट्याची गोष्ट होतीच. तरी महिन्याच्या ठरल्या दिवशी ठरलेलं मोल हातात पडत होतं, आणि ते मागायला कुणाच्या वाड्यासमोर 'जोहार मायबाप' करावं लागत नव्हतं. रक्कम लहान असेल, पण ती ताठ उभं राहून घेता येत होती.

३

आता खुद्द बाबासाहेबांचा हिशेब बघू. तो आपण पुरता मांडतच नाही, कारण त्यांच्या डिग्र्या मोजण्यातच आपली बोटं संपतात.

नोव्हेंबर १९१८ ला ते सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात परळच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला ४५० रुपये म्हणजे काय, ते आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी त्याला २,५०० रुपये दिले. पण पेपरावर संपादक म्हणून बाबासाहेबांचं नाव नव्हतं. ते सरकारी कॉलेजात नोकरीला होते, त्यांना उघडपणे संपादक होता येत नव्हतं. संपादक म्हणून नाव लागलं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. हे लक्षात ठेवा. पगार माणसाचा वेळ विकत घेतो हे आपल्याला माहीत आहे. तो कधीकधी माणसाचं नावसुद्धा विकत घेतो.

मार्च १९२० ला त्यांनी ती नोकरी सोडली. साठवलेले पैसे, महाराजांची मदत आणि दोस्ताकडून घेतलेली उसनवारी एवढ्यावर लंडन गाठलं. अर्धपोटी राहून अभ्यास केला. १९२३ ला डॉक्टर आणि बॅरिस्टर होऊन परत आले. वकिलीची सनद काढायला खिशात पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं ते दिले. अशा वेळी सरकारकडून जिल्हा न्यायाधीशाची जागा पुढं आली होती, आणि पुढं हायकोर्टाची आशाही दाखवली होती, असं त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी ती घेतली नाही. वकिली सुरू केली. अस्पृश्य वकिलाकडं बडे अशील कुठून येणार? मग बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी क्लासात काही तास कायदा शिकवायचं काम घेतलं, घर चालावं म्हणून.

न्यायाधीशाची खुर्ची वाईट असते असं नाही. आपला माणूस तिथं बसलाच पाहिजे. पण त्या खुर्चीत बसून १९२७ ला चवदार तळ्यावर जाता आलं नसतं. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' काढता आला नसता. त्यांनी पगार कमी घेतला तो मनाच्या शांतीसाठी नाही घेतला. शांती कसली, मागं दगड आणि पुढं देणेकरी. तोंड मोकळं राहावं, पाय मोकळे राहावेत, म्हणून घेतला.

'बहिष्कृत भारत' त्यांनी जवळजवळ एकट्यानं लिहिला. दिवसा कोर्ट, संध्याकाळी शिकवणं, रात्री रकाने. त्याचा मोबदला एक पैसा नाही. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी एक लेख लिहिला, 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' दोस्तांनो, हा लेख शोधून वाचा. आपण काय सोडलं, पेपरासाठी किती राबलो, रकानेच्या रकाने एकट्यानं कसे भरले, हे त्यांनी त्यात उघड मांडलं. लाजले नाहीत. मी त्याग करतोय, तुम्ही फक्त नमस्कार करा, असं म्हणाले नाहीत. हे कर्ज समाजाचं आहे, समाजानं ते फेडायला पाहिजे, असं सांगितलं. समाज गरीब होता, वर्गण्या आल्या नाहीत. नोव्हेंबर १९२९ ला पेपर बंद पडला.

मला हा लेख चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच मोठा वाटतो. कारण इथं त्यागाचं रूपांतर हिशेबात झालं. एका माणसानं पगार कमी घेतला तर राहिलेली रक्कम हवेत विरत नाही. ती कुणाच्या तरी खात्यावर नावे पडते. बाबासाहेब म्हणाले, ती समाजाच्या नावे लिहा.

पुढं दिल्लीत मंत्री झाले. बंगला आला, पगार आला. १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या वेळी तेही सोडलं. म्हणजे तरुणपणी सोडलं आणि म्हातारपणीही सोडलं, डायबेटिसनं शरीर पोखरलेलं असताना सोडलं. सवय मोडू दिली नाही.

४

पण समाजानं ते कर्ज वेळेवर फेडलं नाही. मग तूट कुणी भरली?

परळच्या बी. आय. टी. चाळीतल्या दोन खोल्यांत ती भरली गेली. रमाईनं भरली. साहेब लंडनला होते तेव्हा घर तिनं चालवलं. मोठ्या दिराची विधवा लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद याच घरात. हात आखडता, माणसं जास्त. पोरं जन्मली आणि गेली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी राजरत्न, १९२६ ला. एक यशवंत तेवढा राहिला. वस्त्यांतल्या गाण्यांत रमाई शेणाच्या गोवऱ्या थापते. त्या गाण्यांना पुरावा मागायला जाऊ नका. आपल्या आयांनी स्वतःचे हात त्यात पाहिले आहेत. २७ मे १९३५ ला रमाई गेली. हिंदू कॉलनीतल्या राजगृहात तिला जेमतेम वर्ष-दोन वर्षं मिळाली.

बाबासाहेबांनी ही तूट ओळखली होती. पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं पुस्तक १९४० च्या अखेरीस काढलं तेव्हा ते त्यांनी रमाईला अर्पण केलं, आणि वनवासाच्या त्या दिवसांत तिनं सोबतीनं सोसलं याची कबुली पहिल्याच पानावर दिली. राजकारणाचं एवढं जाडजूड पुस्तक, आणि त्याच्या दारात चाळीतली बाई. त्यांना हिशेब ठाऊक होता म्हणून हे झालं.

आज कुणी कार्यकर्ता छाती काढून सांगतो, 'मी नोकरीला लाथ मारली.' त्याला विचारा, घरात कोण कमावतं? बायको चार घरची धुणीभांडी करते का? बहिणीचं शिक्षण थांबलं का? आईचं औषध कोण आणतं? लाथ त्यानं मारली असेल, पण लागली कुणाला? आणि पूर्णवेळ कार्यकर्ती व्हायचं एखाद्या पोरीनं ठरवलं तर तिच्या वाट्याची चूल कोण पेटवणार, हे आपल्या किती बैठकांत निघतं?

गाणारांचा हिशेब याहून वाईट. वामनदादा कर्डक मोठे होईपर्यंत निरक्षर. मुंबईत गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले, मोठेपणी अक्षरं शिकले. १९४३ ला पहिलं गाणं लिहिलं. पुढं गावोगाव भीमाचं गाणं पोचवणं हेच काम केलं, २००४ ला जाईपर्यंत. ज्या वस्तीत पेपर पोचला नाही तिथं गाणं पोचलं. त्या कामाला पगारपत्रक नव्हतं, पेन्शन नव्हती. अण्णा भाऊ साठे गिरणीतून शाहिरीत आले, १९५९ ला 'फकिरा' लिहिली, ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. राहायला घाटकोपरची चिरागनगरची झोपडी. १९६९ ला गेले तेव्हा ५० वर्षंही पुरी नव्हती. आता पुतळे आहेत, टपाल तिकीट आहे. जिवंतपणी महिन्याचं रेशन पोचवायची व्यवस्था कुणी केली नाही.

५

मग प्रश्न असा, की सगळ्यांनीच सोडायचं का?

१८ मार्च १९५६. आग्रा. बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांवर दुःख काढलं. शिकून माझ्या माणसांच्या उपयोगी पडतील वाटलं होतं, ते आपलीच पोटं भरत बसले, अशी ती व्यथा. हे भाषण आपण शिवी म्हणून वापरतो. नोकरीवाला दिसला की त्याच्या तोंडावर आग्रा फेकतो. पण नुसती शिवी देऊन तो पैसा चळवळीत येत नाही. त्याला रस्ता करून द्यावा लागतो.

तो रस्ता करायचा एक प्रयत्न पुण्यात सुरू झाला. कांशीराम पंजाबचे. पुण्याला संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत चांगली नोकरी. साठीच्या दशकात तिथं बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीची सुट्टी रद्द झाली. दीनाभाना नावाच्या राजस्थानच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यानं विरोध केला तर त्याच्या नोकरीवर आलं. जास्त पगारवाले बघत राहिले आणि सगळ्यात कमी पगारवाला उभा राहिला. त्याच्या लढ्यात कांशीराम उतरले. सहकारी डी. के. खापर्डे यांनी त्यांना 'जातिभेदाचे निर्मूलन' वाचायला दिलं. पुढं त्यांनी नोकरी सोडली. लग्न करणार नाही, घरी जाणार नाही, मालमत्ता करणार नाही असं घरच्यांना कळवलं.

कांशीरामांच्या पुढच्या राजकारणावर आपल्यात वाद आहेत. असू द्या. इथं मला एवढंच बघायचं आहे, की स्वतः नोकरी सोडून त्यांनी इतरांना काय सांगितलं. ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ उभी राहिली ती नोकरदारांची. त्यांना नोकरी सोडा असं सांगितलं नाही. नोकरी करा, पण त्या नोकरीपर्यंत ज्या समाजानं तुम्हाला पोचवलं त्याला वेळ, बुद्धी आणि पैसा परत करा, असं सांगितलं. एकानं सोडायचं आणि अनेकांनी राहायचं, आणि राहिलेल्यांनी सोडणाऱ्याचा भार उचलायचा. १९२८ च्या त्या लेखातला सवाल ५० वर्षांनी कुणीतरी वहीत उतरवून घेतला.

आणि राहूनही काम होतं याचा दाखला हवा असेल तर चांगदेव खैरमोडे बघा. सचिवालयात नोकरी करत त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र लिहिलं. पहिला खंड १९५२ ला आला आणि मग खंडामागून खंड. कचेरी सुटल्यावर कागद गोळा करणं, माणसांना भेटणं, लिहिणं. त्यांनी पगार सोडला नाही, झोप सोडली. आज आपण बाबासाहेबांच्या आयुष्यातली जी तारीख सांगतो तिच्यामागं पुष्कळदा हाच कारकुनी हात असतो.

६

आता आजचं. आज 'समाधान' हा शब्द मालकाच्या तोंडी गेला आहे. विनाअनुदानित शाळेत मास्तर वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवतो आणि संस्थाचालक त्याला सांगतो, विद्यादान पवित्र काम आहे. आशा ताई वस्तीत दारोदार फिरते, तिला पगार नाही, 'मानधन' आहे. शब्द बघा, मान आणि धन. धन कमी पडलं की मान वाढवायचा. बावन्न हक्कांची सनद पुन्हा छापून आली आहे, फक्त कागद नवा. समाजसेवेच्या नावानं चालणाऱ्या संस्थांत आपली पोरं कमी पैशात सर्वे करतात, अहवालावर नाव वरच्यांचं येतं. आणि आपल्या चळवळीतही हे नाही असं कुणी म्हणू नये. नेत्याच्या गाडीत डिझेल असतं, कार्यकर्त्याच्या घरात तेल नसतं.

म्हणून कमी पगाराचं काम हातात घेण्याआधी तीन सवाल विचारा, असं मला इतिहास वाचून वाटतं.

पहिला, कमी कुणी ठरवलं? मी ठरवलं असेल तर ठीक. दुसऱ्यानं ठरवून मला समाधान मानायला सांगितलं असेल तर ते रिंगखातं आहे. तिथं संघटना करायची आणि पुरा पगार मागायचा.

दुसरा, काम कुणाच्या मालकीचं? ज्या कामात माझं नाव, माझं तोंड आणि माझे पाय मोकळे राहतात त्यासाठी ४५० रुपये सोडलेले इतिहासात आहेत. ज्यात नाव दुसऱ्याचं आणि तोंडाला कुलूप, त्यासाठी चार आणेही सोडू नयेत.

तिसरा, तूट कोण भरणार? हा सवाल घरात बसून, घरातल्या बाईसमोर, आकड्यांत विचारायचा. भाडं किती, किराणा किती, औषध किती, पोरांची फी किती. आणि नंतर तोच कागद शाखेच्या बैठकीत ठेवायचा. दहा नोकरीवाल्यांनी मिळून एक माणूस मोकळा करायचा असेल तर प्रत्येकी किती येतात, ते तिथंच लिहायचं. ज्याला जमतं त्यानं सही करायची. ज्याला जमत नाही त्याला शिवी द्यायची नाही, त्याच्याकडून रविवारचे चार तास घ्यायचे.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हार-तुऱ्यांचा खर्च वाचताना ही वही काढा. पहिल्या पानावर तारीख घाला. डाव्या बाजूला कुणी काय सोडलं ते लिहा, उजव्या बाजूला आपण काय भरलं ते लिहा. दोन्ही बेरजा जुळेपर्यंत 'त्याग' हा शब्द भाषणात वापरू नका.